जाईबाईच्या दारापाशी

त्या साली पोळा भरवायचा की नाही, यावरून मारोतीच्या पारावर जसं भांडण पेटलं, तसं भांडण आमच्या बोरखेडीत पुन्हा झालं नाही. पुढं भांडायला कोणाच्या अंगात जोर राहिला नाही, हेही खरंच.

अठ्ठावन्न सालचा श्रावण. झड लागलेली. पूर्णेकाठची आमची जमीन काळी आणि चिकट. पाऊल टाकलं की घोटाभर आत, आणि पाऊल काढलं तर जोडा तिथंच. तण काढायचे डवरे पडून होते, कपाशीत तण माजलं होतं, आणि माणसं रिकामी होती. रिकाम्या माणसाला आमच्याकडं जायला एकच जागा, ती म्हणजे पार. सगळा गाव तिथं ओल्या घोंगड्या पांघरून बसलेला, घोंगड्यांचा वास सुटलेला, आणि मधोमध सरपंच खुशालराव तोंड पाडून उभे.

नदीपलीकडच्या गावात माता आली होती. देवीच्या रोगाला आमच्याकडं माता म्हणतात, घरात माय आली म्हणतात, आणि तेही आवाज खाली करून. टिके टोचणारा सरकारी माणूस येऊन गेला होता. अर्धं गाव हात पुढं करून बसलं आणि अर्धं गाव लेकरांना घेऊन तुरीत लपलं. त्यात तहसिलीतून कोतवाल निरोप घेऊन आला, की बाजार बंद, जत्रा बंद, पोळाही भरवू नका.

"पोळा बंद?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "बैलाइले कोन सांगनार? तुमी सांगता का खुशालराव?"

"मी कायले सांगू? वरून हुकूम हाय, थो मी तुमाले सांगून राहिलो."

"वरून तं पानीबी पडून राहिलं. त्याचंबी सांगा काही."

लोक हसले. चिंतामण मास्तर तेवढे हसले नाहीत. मास्तर मूळचे अमरावतीचे, आमच्या शाळेवर आले ते इथलेच झाले. ते पायरीवर चढून म्हणाले, "हसू नका. मी पलीकडं जाऊन आलो. घरंच्या घरं कण्हतायत. एक वर्ष बैलांना गोठ्यात ओवाळा, गोठ्यातच जेवू घाला. बैल काही रागावणार नाहीत."

"बैल नाही रागावनार मास्तर, धनी रागावते!"

"मास्तर बरोबर बोलून राहिले," नत्थुजी म्हणाला. नत्थुजी म्हणजे गावातला खाऊनपिऊन सुखी कास्तकार. "एका सालानं काय होते? राहू द्या बंद."

मग सूर्यभान उठला. तो उठणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

"तुले तं पाहिजेच होतं, नत्थुजी," तो म्हणाला. "पोळा बंद झाला तं मखर तुह्या दारात चालत येते. कावून नाही म्हनशीन तू?"

इथं मखराचं सांगितलं पाहिजे. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजवून आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, आंब्याच्या तोरणाखाली उभे करतात. त्यातल्या मानाच्या बैलाच्या शिंगांवर लाकडाचं मखर बांधतात. ती जोडी पुढं निघाली की तोरण तुटतं, पोळा फुटतो. मग ती जोडी दारोदार जाते आणि तिच्या मागून गावाचे बाकीचे बैल. मानाच्या जोडीला ओलांडून पुढं जायचं नाही, ती उभी राहिली तर सगळ्यांनी उभं राहायचं. हा मान सूर्यभानच्या घराण्याचा. पण लागोपाठ तीन पोळे चुकले तर मान पुढच्या घराला, म्हणजे नत्थुजीला जाणार, असा गावाचा रिवाज. सूर्यभानचे दोन चुकले होते. एका साली ऐन पोळ्यात बाप गेला, सुतक आलं. दुसऱ्या साली जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. उरला तो कोश्या, म्हातारा आणि शहाणा. त्याच्या जोडीला सूर्यभाननं लाख्या नावाचा गोऱ्हा धरून वर्षभर तयार केला होता. आता हाही पोळा गेला असता तर सगळं गेलं असतं.

पण सूर्यभान नुसता भांडला नाही. त्यानं तोडही काढली.

"सरकार आज आलं," तो म्हणाला. "आपल्या आज्याच्या टायमाले माय येत नव्हती का? येत होती ना! मंग तवा लोकाइनं काय केलं? ज्याच्या घरी माय आली, त्यानं आपल्या हातानं दारावर लिंबाचा डहाळा खोसला. त्या दारात कोनी गेलं नाही, त्या दारातून कोनी बाहेर आलं नाही. ना फोडनी, ना पाव्हना, ना देनंघेनं. हा कायदा आपला हाय, तहसीलदाराच्या कायद्याहून जुना. सगळ्याइनं मारोतीच्या पायाले हात लावा, ज्याच्या घरी ताप त्याची जोडी पोळ्यात नाही. थो राजा असो की भिकारी. आन् मंग भरवा पोळा खुशाल!"

मास्तर हनुवटी खाजवत म्हणाले, "पाळणार असाल तर हे वाईट नाही. पण पाळाल?"

"हा घ्या, पयला हात माहा." सूर्यभान देवळात गेला आणि शेंदरानं भरलेला तळवा सगळ्यांना दाखवत बाहेर आला. मग एकामागून एक सगळे गेले. नत्थुजीही गेला. जाताना पुटपुटला, "हात लावाले काय लागते?" पण ते कोणी मनावर घेतलं नाही. पोळा ठरला या आनंदात गाव होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून आंबलेल्या खांद्याला गरम पाणी, हळद आणि तूप लावायचं आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सूर्यभानच्या घरी हे आवतन देण्याचं काम सुभद्रेचं. सुभद्रा त्याची एकुलती एक पोर, पाचेक वर्षांची. टिकेवाला आला तेव्हा सूर्यभाननं तिला कडब्याच्या गंजीआड बसवून ठेवलं होतं. ऐन सणात पोरीचा हात सुजायला नको म्हणून. आणि त्याआधी, माता आल्याची बातमी इकडं यायच्या आत, पलीकडच्या बाजारातून बैलांच्या घुंगुरमाळा आणायला तो तिला खांद्यावर बसवून घेऊन गेला होता.

त्या संध्याकाळी सुभद्रा कोश्याच्या कानाशी तोंड नेऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच निघेना. ती त्याच्या पायाला टेकली आणि तशीच खाली बसली. वच्छलेनं, तिच्या आईनं, तिला उचललं तर अंग तापलेलं. आत नेऊन निजवलं. बैलासाठी वच्छलेनं नवी झूल शिवली होती, लाल कापडाची, भिंगं लावलेली. सुभद्रा त्या झुलीसाठी हट्ट धरून बसली. तीच अंगावर घेऊन निजली.

सकाळी सूर्यभान नदीवरून बैल धुऊन आला तेव्हा दारावर लिंबाचा डहाळा होता आणि वच्छला उंबऱ्यात केस मोकळे सोडून बसली होती.

"सुबीच्या अंगावर माय आली," ती म्हणाली.

"घामोळ्या असन."

"झडीत घामोळ्या? जिभेवर पाहा तिच्या. कपाळ पाहा." ती उठली. "मी डहाळा खोसला. बैल बांधा गोठ्यात."

सूर्यभान डहाळ्याकडं पाहत राहिला. मग हात वर करून त्यानं तो काढला.

"आजचा दिवस, वच्छला. उद्या तूच खोस, मी काही म्हननार नाही."

"परवा पारावर मारोतीच्या पायाले कोनं हात लावला?"

"बापानं मरताना माहा हात धरून काय म्हटलं थे तू आयकलं ना? मखर घरातून जाऊ देऊ नको म्हटलं. आता तिसरा पोळा हाय हा. मी का पोरीले घेऊन जाऊन राहिलो? पोरगी घरात राहीन, बैल बाहेर जाईन. बैलाले का माता होते?"

बैलाला माता होत नाही, हे तिलाही खरंच वाटत होतं. एवढ्यात सूर्यभान आत गेला आणि पोरीच्या अंगावरची झूल ओढू लागला.

"झूल तरी राहू द्या! थंडी वाजून राहिली तिले."

"बिनझुलीची मानाची जोडी असते का कुठं?" त्यानं आपली घोंगडी पोरीवर घातली, झूल झटकली आणि खांद्यावर टाकली. बाहेर येऊन त्यानं डहाळ्याच्या जागी पळसाच्या फांद्या खोवल्या. पोळ्याला सगळ्याच दारांवर पळस असतो. त्याच्या दारात आणि दुसऱ्याच्या दारात काही फरक राहिला नाही. जमिनीवर पडलेला डहाळा वच्छलेनं उचलून आत नेला.

पोळा झकास भरला, हे मान्य करावंच लागेल. ऊन पडलं, डफडी कडाडली, तोरणाखाली झडत्या, पोळ्याची गाणी, रंगली. लाल झुलीत कोश्या नवरदेवासारखा दिसत होता आणि मखराशेजारी सूर्यभानची छाती सदऱ्यात मावत नव्हती. मास्तरांनी विचारलं, "सुबी कुठं दिसली नाही ती?" तर म्हणाला, "मामाच्या गावी धाडली, मास्तर. म्हटलं रोगराईचे दिवस हाय."

पोळा फुटला. जोडी निघाली ती सरळ जाईबाईच्या दारात.

जाईबाई सूर्यभानच्या वावरात तण निंदायला जायची. नवरा नव्हता, अनसूया नावाची एक मुलगी होती. आखरावरून गावात शिरताना पहिलंच घर तिचं. रोज संध्याकाळी वावरातून परतणारा कोश्या तिच्या दारात थांबायचा, कारण ती आपल्या भाकरीतला तुकडा त्याच्यासाठी ठेवायची. तो तुकडा तोंडात पडल्याशिवाय बैल हलायचा नाही. लाख्या त्याच्याच जोडीला जू ओढायला शिकला, तोही तसाच उभा राहायला शिकला. सूर्यभान म्हणायचा, "जाईबाई, माहे बैल तू फितवले." ती म्हणायची, "भुकेले ठेवता, म्हनून फितते."

त्या दिवशी जाईबाईनं बैलांचे पाय धुतले, पुरणाची पोळी खाऊ घातली आणि म्हणाली, "भाऊ, माह्या अनसूले बसव ना पाठीवर. साल झालं मागे लागून राहिली."

सूर्यभाननं अनसूयेला उचलून झुलीवर बसवलं. मध्येच भुरभुर आली तेव्हा झुलीचं टोक तिच्या डोक्यावरून घेतलं. सगळ्या गावभर ती तशीच मिरवली. दारोदारच्या बायकांनी पाय धुतले, कुंकू लावलं, झुलीवरून हात फिरवून ते डोळ्यांना लावले. बाकीच्याही पोरांनी हट्ट केला, तीही घटकाघटका बसली. नत्थुजीचा नातू उतरता उतरेना, त्याला झुलीतली भिंगं तोडून पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिवाजाप्रमाणं गावानं दारातले पळस उपटले आणि शिवेबाहेर नेऊन टाकले. रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत, असा, गावाची पीडा नेणाऱ्या मारबतीच्या नावानं, पुकारा करत सगळे धावले. सूर्यभानही धावला. रोगराई तेव्हा गावभर वाटून झाली होती.

महालक्ष्म्या उठल्या आणि अनसूया तापली. जाईबाईनं पुरळ पाहिलं आणि एक क्षण न थांबता दारावर लिंबाचा डहाळा खोसला. गावातला तो पहिला डहाळा. पारावर शंभरजणांनी हात लावले होते, पण पाळलं ते तिनं. आणि पाळलं म्हणूनच ती डोळ्यांवर आली.

"पोळ्याच्या आधी हे नदीपलीकडं गेल्ती ना?" कोणीतरी आठवण काढली. "बहिनीकडं?"

जाईबाई दाराच्या आतूनच ओरडून सांगायची, "मी शिवंवरूनच परत आली वो! घरात पाय नाही टाकला. बहिनीचं तोंडबी नाही पायलं." कोण ऐकतो? अनसूया गेली. मग या आळीत एक, त्या आळीत एक असे डहाळे चढू लागले. नत्थुजीचा नातू गेला. तलाठ्याची सून गेली. जी वाचली त्यांच्यातल्या काहींचे डोळे गेले. खड्डे खणायला माणसं पुरेनात आणि काळ्या मातीत खड्डा खणला की खालून पाणी लागायचं. अशा पाण्यात लेकरं ठेवावी लागली. मास्तर दारोदार फिरून टोचून घ्या म्हणून हात जोडत होते. आता सगळेच हात पुढं करत होते. लोकांना कोणावर तरी राग काढायचा होता, आणि मायवर राग धरता येत नाही.

एका सकाळी लोक पळसाच्या फांद्या घेऊन जाईबाईच्या दारात गेले. तोच पुकारा केला. घेऊन जा गे मारबत. बाईमाणूस, पोर नुकतीच पुरलेली, आणि तिच्या दारात उभं राहून गाव ओरडत होतं. मास्तर मध्ये पडले तर त्यांना बाजूला ढकललं.

वच्छला आपल्या अंगणात होती. सुभद्रेच्या खपल्या पडून गेल्या होत्या. मामाच्या गावीच माय आली आणि गेली, असं सूर्यभाननं उठवून दिलं होतं. तोंडभर व्रण राहिले, पण पोर जगली. वच्छला पुकारा ऐकून निघाली तर सूर्यभाननं तिचा दंड धरला.

"कोठी चालली?"

"सांगते मी त्याइले. जाईबाईनं नाही आनली. आपून आनली."

"तोंड उघडलं तं आपलं घर पेटवून देईन हे लोकं. पोरगी वाचली तुही. तिले घेऊन कोठी जाशीन?"

वच्छलेनं सुभद्रेकडं पाहिलं आणि ती खाली बसली.

जाईबाई भांडली नाही. दाराला कडी घातली, गाठोडं घेतलं आणि निघाली. जाताना सूर्यभानच्या गोठ्यापाशी थांबली, गाठोडं सोडून अर्धी भाकर काढली, ती मोडून कोश्याच्या आणि लाख्याच्या तोंडात दिली, आणि तिवशाच्या रस्त्याला लागली. मागं वळून पाहिलंच नाही तिनं.

त्याच संध्याकाळी वावरातून परतताना जोडी जाईबाईच्या दारात थांबली.

सूर्यभाननं हाकललं. हलेनात. काठी मारली, शेपटी पिरगाळली, तेव्हा कुठं चालले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. रोजचं झालं. कडी घातलेलं दार, दारावर वाळत चाललेला लिंबाचा डहाळा, आणि समोर दोन बैल मान वर करून उभे. सूर्यभान जू सोडून एकटाच घरी गेला तर बैल तिथंच राहायचे. पांदणीनं लांबून आणून पाहिले, तर गावात शिरल्यावर उलटे फिरून तिथंच आले. आम्ही पारावरून पाहायचो. सुरुवातीला कोणी हसलं असेल. पुढं ते बघवत नसे. दिवेलागणीला रस्त्यावर माणूस दिसेनासा झाला. बायका म्हणायच्या, आतून जाईबाईच्या बांगड्या वाजतात, बैलांना ऐकू येतं. एकदा सूर्यभाननं स्वतः भाकर नेली आणि त्या दारात उभं राहून कोश्यापुढं धरली. कोश्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून सूर्यभानचं अन्न तुटलं. कपाशी चांगली झाली, तूर चांगली झाली, माणूस मात्र उभ्या उभ्या वाळला.

बैल विकून टाक म्हणाले लोक. तो म्हणायचा, "विकीन. मंग बैल ज्या गावात जाईन, त्या गावात असंच उभं राहीन का?"

साल फिरून पोळा आला. या खेपेला सरकारचा हुकूम नव्हता, पारावर भांडण नव्हतं. सूर्यभान म्हणाला, "मखर नत्थुजीले द्या. मले झेपत नाही."

नत्थुजी म्हणाला, "माह्या घरी कोनाले दाखवाचं मखर? नातू होता थो गेला. तूच मिरव."

झूल नव्हती, वच्छलेनं ती कधीच जाळली होती. मखर बांधलं. तोरण तुटलं. हर हर महादेव म्हणणारे आवाजही थोडेच होते. जोडी निघाली आणि जाईबाईच्या दारात थांबली.

मागून सगळ्या गावाचे बैल आले आणि त्या बोळात अडकून उभे राहिले. मानाच्या जोडीला ओलांडता येत नाही. माझीही जोडी त्या रांगेत होती. डफडं थोडा वेळ वाजलं, मग वाजवणाऱ्याचे हात आपोआप थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "हान ना बे सूर्यभान!" सूर्यभाननं काठी उचलली नाही. त्यानं कासरा सोडून दिला आणि नुसता उभा राहिला.

तेव्हा दाराची कडी वाजली. आतून. कोश्यानं कान टवकारले, आणि आमच्यातले कितीतरी जण मागं सरकले.

दार उघडून वच्छला बाहेर आली. बाहेरची कडी मास्तरांनी सकाळीच काढून दिली होती, आणि ती आत जाऊन आतून कडी लावून बसली होती, हे मागून कळलं. तिच्या हातात ताट होतं, ताटात ज्वारीची भाकर. तिच्या पदराला धरून सुभद्रा, तोंडावर व्रण घेऊन. वच्छलेच्या दुसऱ्या हातात एक डहाळा होता. पानं सगळी झडलेली, नुसत्या काड्या. तो तिनं वर धरला.

"हा लिंबाचा डहाळा वळखा," ती म्हणाली. आवाज शेवटच्या बैलापर्यंत जात होता. "हा जाईबाईच्या दाराचा नाही. माह्या दाराचा हाय. मागच्या पोळ्याच्या सकाळी मी खोसला आन् यायनं काढला. सुबी मामाच्या गावी नव्हती गेली. घरात होती, अंगावर माय घेऊन. जे झूल तुमी डोळ्याले लावली, थे रातभर माह्या पोरीच्या अंगावर होती. अनसू त्याच झुलीवर बसली. नत्थुजी, तुमचा नातूबी त्याच झुलीवर बसला. जाईबाईनं काहीच नाही आनलं. आमी आनलं, आन् मी एक साल तोंड शिवून बसली."

बैलांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या वाजत होत्या.

सूर्यभान पुढं झाला. त्यानं कोश्याच्या शिंगांवरचं मखर स्वतःच्या हातानं सोडलं, जाईबाईच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि नत्थुजीसमोर जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

"मार," तो म्हणाला.

नत्थुजीच्या हातात काठी होती. ती त्यानं एवढी आवळली होती की बोटं पांढरी पडली. मग म्हणाला, "तुले मारून थो उठते का?" आणि डोळे पुसत वच्छलेकडं वळला. "बैलाइले खाऊ घाल, माय. कवाचे उभे हाय बिचारे."

वच्छलेनं भाकर मोडली. कोश्यानं तिच्या हातून खाल्ली, लाख्यानं खाल्ली, आणि कोणी हाकलायच्या आतच दोघं चालू लागले. मागचा सगळा गाव त्यांच्यामागून गेला. त्या वर्षी झडती कोणी म्हटली नाही.

पोळ्यानंतर सूर्यभान आणि मास्तर जाईबाईला शोधायला गेले. तिवशाला विचारलं, पुढं विचारलं. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत अशी एक बाई कामाला होती म्हणे, पण बहार संपला तशी तीही गेली. नत्थुजी एकदा गेला, वच्छला दोनदा जाऊन आली. जाईबाई सापडली नाही. ज्यांनी पळस हातात घेऊन तिला हाकललं होतं, तेच आता कोणी परगावाहून आलं की आधी तिचं विचारायचे. मखर पुन्हा कोणीच मागितलं नाही. ते मारोतीच्या देवळात माळ्यावर पडून आहे.

कोश्या मेला. लाख्याही पुढं थकला. पण नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीलाच शिकतो, दुसरी रीत आमच्याकडं नाही. लाख्याजवळ शिकलेला गोऱ्हा सूर्यभाननं शेती झेपेना तेव्हा नत्थुजीला दिला, त्याच्याजवळ नत्थुजीचा बैल शिकला, त्याच्याजवळ आणखी कोणाचा. जाईबाईचं घर मागच्या पावसाळ्यात बसलं, आता तिथं मातीचा ढीग आहे आणि त्यावर रुई माजली आहे. तरी दिवेलागणीला वावरातून परतणारी जोडी त्या ढिगापाशी येऊन उभी राहते. त्यातल्या एकाही बैलानं जाईबाईला पाहिलेलं नाही.

सुभद्रा आता मोठी झाली. व्रणांमुळं तिचं लग्न अडलं आहे, ती घरीच असते. दिवस मावळला की ती पदराखाली भाकर घेऊन तिथं जाते आणि ज्याची जोडी उभी असेल तिला तुकडा देते. तोवर मागच्या गाड्याही थांबतात. कोणी घाई करत नाही.